मशिनवर शून्य, स्टिअरिंगवर थरथर

आठ महिने झाले, तरी त्या टायरच्या दुकानावरून जाताना अजून डोकं तापतं.

चारही टायर नवे घातले आणि पुढच्याच रविवारी पुण्याहून मुंबईला निघालो. एक्स्प्रेसवेवर काटा ८० च्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. ७० ला शांत, ९० ला डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा डुलतोय. ब्रेक दाबला तरी थरथर वाढत नव्हती, म्हणजे ब्रेकच्या डिस्कचा प्रश्न नसणार, एवढं मला कळत होतं.

दुकानात गेले. "मॅडम, बॅलन्सिंग करून देतो." रिंगला वजनं चिकटवली, मशिनवर दोन्हीकडे शून्य, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं. थरथर तशीच. परत गेले, तर अलाइनमेंट, पैसे वेगळे. (अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. थरथर सहसा त्याची नसते. हे शहाणपण पैसे गेल्यावर आलं.) तिसऱ्या फेरीला मालक म्हणाले, "रस्ते कसे आहेत बघताय ना? एकदा मिस्टरांना चालवून बघू द्या." मिस्टरांकडे लायसन्सच नाही.

टायरची वॉरंटी गाडीच्या कंपनीची नसते, टायरच्या कंपनीची असते, म्हणून क्लेम टाका म्हटलं. "मशिनवर शून्य आहे, मग डिफेक्ट कुठाय?" बराच वाद घातल्यावर "कंपनीचा इंजिनिअर गुरुवारी येईल." असे पाच गुरुवार गेले. दर वेळी अर्धी रजा टाकायची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि चहा प्यायचा. चहा मात्र चांगला होता.

शेवटी उलगडा केला तो मालकांनी नव्हे, तिथल्या पोऱ्याने. त्याने पुढचं डावं चाक मागे टाकलं. फेरी मारली, तर स्टिअरिंग गप्प आणि थरथर सीटखाली! मग तेच चाक मशिनवर चढवून हळू फिरवलं आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रबराजवळ धरलं. "ताई, ऐका." टक... टक... टक. दर फेरीला एकाच जागी रबर टोकाला घासत होतं. वजन सारखं होतं, टायरच गोल नव्हता. ८० च्या वेगाला आमच्या चाकाच्या सेकंदाला बाराएक फेऱ्या होतात. म्हणजे तेवढे धक्के. मी तिथेच व्हिडिओ काढला.

तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. आणि दुकानदाराच्या भरवशावर राहू नका, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. मी तो घेतला, व्हिडिओ पाठवला आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करणार असंही कळवलं. तिसऱ्या दिवशी, गुरुवार नसतानाही, इंजिनिअर हजर! दहा मिनिटांत म्हणाला, आतला स्टीलचा पट्टा सुटलाय. नक्षीची खोली मोजली, झिजेपुरते पैसे कापले आणि नवा टायर मंजूर केला.

हो, एक राहिलंच. बिल जपून ठेवा आणि टायरवरच्या तारखेचा फोटो काढा. शेवटचे चार आकडे १४२३ असतील, तर तो २०२३ च्या चौदाव्या आठवड्यातला. क्लेमच्या वेळी हे विचारतात, आणि आकडे कधी कधी आतल्या बाजूला असतात, मग चाक काढावं लागतं.

नवा टायर बसवून झाल्यावर मालक हसून म्हणाले, "मॅडम, आता अलाइनमेंट करून घेऊ का?"