पेच दहा बाय एक

दसऱ्याच्या तोंडावर आमचं फाटक तीन आठवडे रेड ऑक्साइड लावून तसंच उभं होतं. शेजारचे काका सकाळी दूध आणायला जाताना थांबायचे. "सर, लालच ठेवलालाव का?"

ठेवत नव्हतो. स्प्रे गनचा एक स्क्रू हरवला होता.

ट्रॉल्या बनवणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रीकडून जुनी गन घेतली होती, कॉम्प्रेसर भाड्याचा. प्राइमर मारून झाल्यावर ओट्यावर बसून थिनरनं गन धुवायला घेतली. मागचा गोल पेच शेवटच्या आट्यावर आला आणि आतल्या स्प्रिंगनं टण्णकन उडी मारली. स्प्रिंग तुळशीपाशी सापडली. पेच गडगडत मोरीत गेला.

हा पेच दिसायला अगदी किरकोळ. गनच्या पोटात लांब सुई असते, तिचं टोक नोझलच्या भोकात बसतं. स्प्रिंग तिला पुढं दाबून धरते आणि स्प्रिंगला मागून आधार या पेचाचा. ट्रिगर ओढला की सुई मागं सरते; किती सरणार, म्हणजे रंग किती पडणार, ते पेच किती आत फिरवलाय त्यावर. तो नसला की सुईला मागून दाब राहत नाही आणि वरच्या कपातला रंग थेंबथेंब खाली. गळका लोटा आणि गन यांत मग फरक फक्त किमतीचा.

लातुरात काही हरवलं की गंजगोलाई गाठायची. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते, सोन्यापासून गुळापर्यंत सगळं मिळतं. पहिल्याच हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "माप?" मी करंगळी दाखवली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "आटा कुठला?" म्हणाला. आटा कुठला असतो, हे मला आयुष्याच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

चार दुकानं हिंडलो. नोझल, सुई आणि पुढची टोपी यांचा सेट मिळत होता, वॉशर मिळत होते. हा पेच नाही. कारण तो झिजत नाही, फक्त हरवतो. "निस्ता स्क्रू येत नसतो सर, गनच न्या की नवी," असं चौथा म्हणाला आणि त्यानं गन काढूनही ठेवली.

मग मी शहाणपणा केला. कपाच्या गॅस्केटचा नवा वॉशर आणि दहा मिलिमीटरचा साधा बोल्ट घेऊन घरी आलो. बोल्ट भोकात बसला, दीड फेरा फिरला आणि अडला. मी पाना लावला. जरासाच जोर. भोकातून ॲल्युमिनियमचा चंदेरी किस निघाला तेव्हा कळलं, की जाडी जुळली म्हणजे नातं जुळलं असं नाही.

लेथवाल्या चाचांनी गन हातात घेतली, किस बघितला, माझ्याकडं बघितलं. "पाना लावला?" मी गप्प. त्यांनी पंख्यासारखं उघडणारं पिच गेज काढलं, एकेक करवती पातं आट्यांवर टेकवून उजेडाकडं धरलं. फट नाही दिसली की जुळलं. "दहा बाय एक. बारीक आटा. बाजारातला दहाचा दीडाचा असतो." म्हणजे एका फेऱ्यात बाजारी बोल्ट दीड मिलिमीटर पुढं जातो, माझ्या गनचा एकच.

मग त्यांनी गनच्या हवेच्या तोंडाकडं बोट केलं. ते पाव इंची. म्हणजे दोन सूत. प्रत्यक्षात बाहेरून तेरा मिलिमीटरच्या वर भरतं, कारण नाव नळीच्या भोकावरून पडलंय. त्यात इंग्रजी पद्धतीला इंचाला 19 आटे, अमेरिकन पद्धतीला 18. एकमेकांत दोन फेरे गोडीनं जातात, मग हवा गळते. इंग्लंडात 1841 साली जोसेफ व्हिटवर्थनं आट्यांचं एकच माप सगळ्यांनी धरावं म्हणून मांडणी केली, कारण तोवर ज्याच्या त्याच्या कारखान्याचा आटा वेगळा. माझ्यासारखे हातात बोल्ट घेऊन हिंडणारे तेव्हा तिकडंही असणार.

आपली भाषा मात्र या बाबतीत आधीच सावध. स्क्रूलाही पेच, अडचणीलाही पेच. मळसूत्र हा सुंदर शब्द आपण जिन्यापुरता ठेवला आणि बिघडलेल्या डोक्याला 'आटे ढिले' म्हणून मोकळे झालो.

चाचांनी आधी टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, फिरवून भोक साफ केलं, मग पितळी सळईतून पेच कातला. दीडशे रुपये. डोक्यावर बोटांची पकड बसावी म्हणून खरखरीत दातेही पाडून दिले. गार पितळ बोटांत फिरवलं की प्रत्येक फेरा वेगळा कळत होता. अडीच फेरे उघडा ठेवला आणि फाटकाला हिरवा रंग गुळगुळीत बसला, एक ओघळ सोडून. काकांनी तो बघितला, बोलले नाहीत.

खंडेनवमीला पाना, पक्कड, ड्रिल आणि गन पाटावर मांडली. आईनं सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं, गनला जरा जास्तच, आणि वर पाण्याचं बोट. ते ओलं कुंकू नेमकं नोझलच्या भोकात गेलं. सुई काढल्याशिवाय नोझल साफ होत नाही आणि मागचा पेच काढल्याशिवाय सुई निघत नाही. मोरीला आधी फडकं कोंबलं, मांडीवर परात घेतली आणि बसलो.