तोंडाला पीठ लावलेल्या पाच जणी

रविवारी दुपारी भाची तोंडाला मुलतानी माती फासून सोप्यात बसली होती. माती वाळेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही. नेमका तेव्हाच गॅसवाला आला. तिनं हातवारे करून त्याला थांबायला सांगितलं, तर तो बिचारा दचकून दोन पायऱ्या खाली उतरला. मी बाहेर येऊन बघते तर ही हसू दाबत बसलेली आणि हनुवटीपाशी मातीला चिरा गेलेल्या. हे ध्यान आपण आधी कुठंतरी बघितलंय, असं वाटत राहिलं. सिलिंडर आत आला, पैसे दिले, गॅसवाला गेला, आणि मग आठवलं.

मामा मस्कतला होता. मी सातवी-आठवीत असताना त्यानं एक टू-इन-वन आणि सातआठ कॅसेटी आणल्या. कॅसेट आत अडकायची, मग पेन्सिल वगैरे. ते सगळ्यांनी लिहून झालंय, सोडून देते. त्यातल्या एका कॅसेटीवर पाच बायका होत्या. अंगाला टॉवेल, डोक्याला टॉवेल, तोंडाला पांढरं काहीतरी थापलेलं. आजीनं ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "आगं, ह्या आंघुळीच्या आधीच फोटूला बसल्या व्हय? आन तोंडाला काय, डाळीचं पीठ?"

आईला पिठापेक्षा टॉवेलांची काळजी जास्त. शाळेच्या वह्यांना घालतात तसलं खाकी कव्हर तिनं त्या डबीला घातलं. त्यावर लेबल चिकटवायचं तेवढं राहिलं. त्यामुळं बँडचं नाव 'द गो-गोज' आणि अल्बम 'ब्युटी अँड द बीट' हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आमच्या घरी ती 'पिठाची कॅसेट'च होती.

बाबांचा कान कोल्हापूरच्या देवल क्लबातल्या शास्त्रीय गाण्याच्या बैठकींवर पोसलेला. शाहू महाराजांनी गवई अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं, हे ते असं सांगायचे की जणू स्टेशनवर उतरून घ्यायला हेच गेले होते. बाईचं गाणं म्हणजे खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर, तिथं विषय संपला. पिठाची कॅसेट लागली की आतून आवाज यायचा, "ती बेंजो पार्टी बंद करा!" आमच्या गल्लीतून बेंजो लावून वरात गेली की खिडकीच्या काचा थरथरायच्या, त्यामुळं कोल्हापुरात हा शेरा किती जहरी आहे ते वेगळं सांगायला नको.

मला मात्र ती आवडायची. शब्द एक कळायचा नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळत नाहीत. मला गाण्यातले शब्द ऐकूच येत नाहीत, ही माझी जुनी खोड. एक वाद्य पकडायचं आणि गाणं संपेपर्यंत त्याच्याच मागं जायचं. एक दिवस गिटार, दुसऱ्या दिवशी बेस. त्या अल्बमात गिटारी दोन. एक नुसती तासणी धरल्यासारखी खरखरत पुढं जाते, दुसरी मधूनच एखादी छोटीशी चाल वाजवते आणि गाणारीच्या आधी पळून जाते. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्याची सुरुवात नुसत्या ड्रमनं होते. गिटार नाही, आवाज नाही. खासबागेत कुस्तीच्या आधी हलगी एकटीच तापत असते ना, तसं. पोटात काहीतरी हलतं.

आणि एवढी वर्षं मी काय समजत होते? की गाणाऱ्या त्या पाच जणी, आणि मागं वाजवणारे कुणीतरी दादा. त्यांचे भाऊबिऊ असतील. कव्हरवर एकीच्याही हातात वाद्य नव्हतं हे खरं, पण तेवढ्यावर ढकलून चालणार नाही. माझ्या डोक्यात चित्रच तसं होतं. बाई गाते, साथीला पुरुष बसतात. बाबांच्या केसरबाईंच्या मागंसुद्धा सारंगी-तबल्याला तेच. मग एक दिवस वाचलं: बेलिंडा कार्लाइल गाते, शार्लट कॅफी आणि जेन विडलिन गिटारवर, कॅथी व्हॅलेंटाइन बेसवर, आणि तो पोटात हलवणारा ड्रम जीना शॉक नावाच्या बाईचा. मी कॅसेट पुन्हा लावली. वाजत तेच होतं, मी मात्र ताठ बसून ऐकत होते.

लॉस एंजेलिसच्या पंक, म्हणजे रांगड्या धडाक्याच्या रॉकच्या, अड्ड्यांवर १९७८ मध्ये जमलेल्या या पोरी. कॅथी मूळची गिटारवाली. १९८० च्या डिसेंबरात ऐनवेळी बोलावणं आलं म्हणून थोड्या दिवसांत बेस शिकून उभी राहिली. अल्बम १९८१ चा. निर्माते रिचर्ड गॉटेरर यांनी गाण्यांची लय जरा उतरवली, शब्द ऐकू यावेत म्हणून. (माझ्यासाठी हे वायाच गेलं.) तयार अल्बम ऐकून पोरींची तोंडं पडली. आम्ही पंक वाजवतो, हे काय गोडगोड करून ठेवलं! पुढं मार्च १९८२ मध्ये तो अमेरिकेत पहिल्या नंबरला गेला आणि सहा आठवडे तिथंच राहिला. आपली गाणी आपण लिहून, आपली वाद्यं आपण वाजवून बायकांच्या बँडनं तिथं पोचायची ती पहिलीच वेळ. आणि ते टॉवेल? दुकानातून आणले, फोटो काढला आणि परत करून टाकले. आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं बोलली. महाद्वार रोडवर साडी परत करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

भाचीनं तोंड धुतलं. मी मोबाइलवर ते ड्रमवालं गाणं लावलं आणि म्हटलं, "वाजवणाऱ्या सगळ्या बायका आहेत, बघ."

"मग?" ती म्हणाली. "मी पण शिकणार होतो की ड्रम. क्लास लांब पडत होता."

'शिकणार होतो.' पुण्याच्या आत्यानं 'होते म्हण, होते' करून माझं हे बोलणं सुट्टीसुट्टीत घासून काढलं होतं. भाचीला तसली आत्या मिळाली नाही, बरं झालं.

तिच्या त्या 'मग?'वर मला काही सुचलं नाही. आठवलं ते भलतंच.

आजीचं भजनी मंडळ दर गुरुवारी आमच्या सोप्यात बसायचं. बायका दहा-बारा, पण पेटीला आणि ढोलकीला दोन काका. एका गुरुवारी ढोलकीवाले काका आलेच नाहीत. भजन रद्द करायचं म्हणून सतरंजी गुंडाळायला घेतली, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मावशींनी ढोलकी मांडीवर ओढली. सूर चढवायला कड्या सरकवल्या, एक थाप मारली, तोंड वाकडं केलं, परत सरकवल्या. मग जे वाजवलंय! पेटीवाले काका दोनदा चुकले. आजी डोळे मिटून गात होती ती मध्येच डोळे उघडून बघायला लागली. नंतर चहाला सगळ्यांनी विचारलं, कुठं शिकलीस गं. मावशी म्हणाल्या, "कुठं न्हाई. भाऊ वाजवायचा, मी बघायचो."

पुढच्या गुरुवारी काका आले. बसले, ढोलकी घेतली, बोटानं नुसता एक टिचका मारला आणि थांबले.

"ही कुणी चढवली?"

कुणीच काही बोललं नाही. मावशी टाळांच्या दोरीची गाठ सोडवत होत्या.