ब्रेकचं बिल

मे महिना. सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण गॅरेजचा पत्रा तापला होता. गार्डकाका सुताराची स्टीलची टेप घेऊन माझ्याकडे कामाला आलेल्या गाड्यांची दारं एकेक करून उघडत होते. टेपचं टोक फरशीवर बुटाने दाबायचं, वर सीटच्या काठापर्यंत ओढायची, आकडा वहीत लिहायचा, पुढची गाडी. माझा एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "काय करलालेत बे काका?" दुसरा म्हणाला, "पंचनामा."

गार्डकाका म्हणजे मालगाडीचे गार्ड म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले. वय ७६. अख्खी नोकरी सोलापूर-वाडी आणि सोलापूर-दौंड या दोन बाजूंना गेली. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, पण जुळे सोलापुरात त्यांना मॅनेजरकाका म्हणणारा अजून जन्मायचा आहे. त्यांच्याकडे १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. चोक ओढायचा, चार गिअर, पॉवर स्टिअरिंग वगैरे लाड नाहीत. पेट्रोलचा थेंब न् थेंब वहीत. २०२२ ला पुन्हा पासिंग केलं तेव्हा ६०० ची फी ५००० झालेली. तो आकडा त्यांनी तांबड्या शाईने लिहिला आणि मला दाखवला, जणू मीच वाढवली होती.

म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या मी ३१ वर्षं बघतोय. पोरांना वाटतं, बाबा हट्टाने जुनं धरून बसलेत. हट्ट असतो, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक हट्टाला कारण असतं आणि ते कुणी विचारत नाही. ८०० ची काच मोठी, खांब बारीक, बसल्या जागेवरून बॉनेटचं टोक दिसतं. मान वळत नसलेल्या माणसाला हे केवढं आहे ते तिशीतल्या सेल्समनला कळत नाही. वळायला जागाही कमी लागते, सिद्धेश्वर पेठेच्या बोळात हेच कामाला येतं. शोरूममध्ये पोरगं दहा मिनिटं स्क्रीन दाखवतं आणि आजोबा विचारतात, एसीचं बटण कुठाय? बटण नसतं. स्क्रीनवर असतं. आजोबा उठतात.

काकांचं कारण मात्र त्यांचं नव्हतंच, काकूंचं होतं. त्या न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला, सांधा बदलावा लागला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खोल सोफा बंद, पाट बंद. आणि ८०० मध्ये माणूस बसत नाही, आडात उतरतो. मुलगा पुण्याला. त्याने फोनवरच एक दांडगी गाडी पसंत केली होती. सेफ्टी, म्हणाला. काकांनी तशीच एक माझ्याकडे मोजली. २९ इंच. "ही हत्तीवर बसणार कशी? शिडी आणू?"

घरचा पलंग त्यांनी लाकडी ठोकळे लावून २१ इंचावर आणला होता. त्यावरून काकू विनासायास उठतात. म्हणून गाडी २१ ची पाहिजे. इतका साधा हिशोब, आणि गाड्या विकणारा मी, मला आयुष्यात सुचला नव्हता. १९९९ मध्ये वॅगन आर आली तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो, डबा म्हणायचो. आज माझ्याकडची निम्मी पेन्शनर मंडळी त्याच डब्याच्या जातीत बसतात, कारण त्यात वाकावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. पार्श्वभाग सरळ आडवा आत जातो.

मागच्या बाजूला माझी एक सेकंडहँड उभी होती, त्याच उंच जातीतली, २०२० ची. टेप लावली, साडेएकवीस. काकूंना रिक्षाने बोलावून घेतलं. त्यांनी पिशवीतून साडीच्या दुकानाची एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी काढली आणि सीटवर पसरली. मला कळेना. मग वॉकर धरून त्या गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, मागे हात लावून चाचपलं, टेकल्या, आणि दोन्ही पाय जोडून पिशवीवरून सर्रकन आत फिरल्या. उंबऱ्यावरून पाय उचलायला काका खाली वाकले होते, त्यांच्या हाताला काम लागलंच नाही. काकू समोर बघत म्हणाल्या, "गुरुवारी अक्कलकोट." बस, सौदा तिथेच झाला.

आता माझं पाप. ती गाडी ऑटोमॅटिक होती. म्हणजे आपण म्हणतो ऑटोमॅटिक, पोटात गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. खाली पेडल दोनच. मीच म्हणालो, "काका, क्लच नाही, गुडघ्याला आराम." विकायचीही होती, खोटं का बोलू. विजापूर रोडला वीस मिनिटं चालवून बघितली. झकास चालवली त्यांनी. सरळ रस्त्याला कुणीही चालवतं. डावा पाय जागा होतो तो गाडी हळू सरकवताना. रिव्हर्स, फाटक, चढ. पन्नास वर्षं त्या पायाने एकच काम केलंय, गाडी मुंगीच्या पावलाने न्यायची. मी त्यांना एकदाही रिव्हर्स घ्यायला लावलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. गेलो. गाडी मागून त्यांच्या फाटकाशेजारच्या कडुनिंबावर चढल्यासारखी उभी, डिकीचं दार आत गेलेलं. काकू वॉकर धरून फाटकाजवळ. त्यांच्यात आणि बंपरमध्ये फार तर दोन हात. शेजारचे सात-आठ जण जमलेले. एकजण व्हिडिओ काढत होता, त्याला मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. काका गाडीच्या बाहेर, हात मागे बांधून, प्लॅटफॉर्मवर उभं राहावं तसे. एकच वाक्य. "ब्रेक लागला नाही."

हे वाक्य माझ्या धंद्यात आठवड्याला एकदा ऐकू येतं. मी आत बसलो, पेडल दाबलं. दगडासारखं घट्ट. ऑइल वरच्या रेघेला. खाली उतरून पुढची चाकं बघितली. दोन्ही चाकांखाली मुरूम उकरून हातभर चर पडला होता. या गाडीची ताकद पुढच्या चाकांना असते. ब्रेक न लागलेली गाडी मुरूम उकरत नाही, एक्सलेटर दाबून धरलेली उकरते. डावा पाय क्लच म्हणून रुंद ब्रेकवर आदळला असणार, गाडीने हिसका दिला असणार, माणूस गडबडला, दोन्ही पाय उचलले गेले. गाडी आपोआप मागे सरकायला लागली, आणि उजवा पाय घाईघाईने जिथे पडायला नको तिथे पडला.

मी मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते. काका सोडून.

"ब्रेकमध्ये हवा होती," मी म्हणालो.

का म्हणालो? त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. गर्दी लगेच माझ्यावर वळली. सेकंडहँडवाल्यांचं हे असंच, बघून घ्यायला पाहिजे, वगैरे. संध्याकाळी पुण्याहून फोन आला. मुलाने मला जे ऐकवलं ते मी मान खाली घालून ऐकलं. माझी आई मेली असती, म्हणाला. खरंच मेली असती. गाडी परत आणली, पैसे परत केले, डिकीचं काम माझ्या अंगावर. पैशाचं मला काही नाही. पण विजापूर रोडला दोन महिने माझ्या नावाने हवा पसरली होती आणि ती ब्रेकमधली नव्हती.

पंधरा दिवसांनी काका एकटेच आले, सिटी बसने. शेंगाचटणीची पुडी टेबलावर ठेवली. म्हणाले, "रेल्वेत हवा असते तेव्हा ब्रेक सुटतो. हवा गेली की ब्रेक लागतो. तुमच्या गाडीत हवा शिरली की ब्रेक जातो. उलटं आहे." मी म्हटलं, हो. "आणि हवा शिरली की पेडल लिबलिबीत होतं." हो. "माझं झालं नव्हतं." मग वही उघडून त्या दिवसाचं पान दाखवलं. वेळ ७.१०. जागा, फाटक. पुढे एकच ओळ: चूक चालकाची. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात ब्रेकचा काटा बघत आयुष्य काढलेला माणूस, त्याला मी हवेची गोष्ट सांगायला गेलो.

म्हणाले, "उंची तीच पाहिजे. पेडल तीन."

ती मिळवायला पाच आठवडे लागले. या वेळी आधी होटगी रोडच्या बाजूला मोकळ्या जागेत दोन ऑइलचे ड्रम उभे केले आणि चार सकाळी त्यांच्यामधून रिव्हर्स घ्यायला लावलं. डावा पाय क्लचवर असा टेकला की माझाही टेकत नाही. एकदाही ड्रमला लागलं नाही. एक अट मी घातली, काकू गाडी फाटकाबाहेर येऊन थांबल्यावरच घरातून निघतील. ही अट काकांनी वहीत लिहून घेतली आणि खाली माझी सही घेतली.

पण तीन पेडलवर हात बसलेला माणूस ७६ चा आहे, पुढच्या वर्षी ७७ चा होईल. लायसन्स या वयात पाच-पाच वर्षांचं मिळतं, पाय काही पाच वर्षांची मुदत बघून थकत नाहीत. मुलाला मी खरं सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी चावी काढून घेतली असती. चुकला असता का? रात्री कधी वाटतं, नसता चुकला. दुसऱ्या दिवशी गुरुवार असतो आणि ती गाडी अक्कलकोट रोडला लागलेली कुणीतरी मला सांगतं.

दिवाळीत मुलगा आला होता. गॅरेजवर आला, नीट बोलला, तेव्हा रागाच्या भरात जरा जास्तच बोललो म्हणाला. मग खिशातून फोन काढला. "तो ब्रेक शेवटी नक्की काय केलात तुम्ही? जुन्या गाडीचं असलं तरी कामाचं बिल द्या. माझ्या समाधानासाठी."

काका गाडीत बसून होते, समोर बघत.

देतो म्हटलं. दिवाळी होऊन गेली, त्याचे दोन मेसेज येऊन पडलेत. पावतीपुस्तक रोज समोर असतं.