कोंब न फुटणारा कांदा

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं शेतमालाच्या किरणोपचाराचं केंद्र 2002 सालापासून आहे. 2007 साली अमेरिकेला गेलेला आंबा तिथूनच किरणं खाऊन गेला. तरी आमच्या गटातल्या एकाही शेतकऱ्याने आपला कांदा तिकडे नेला नव्हता.

मी निफाड तालुक्यात एका शेतकरी कंपनीचं विस्ताराचं काम बघतो. उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या दिवसांत मारुतीच्या पारावर बैठक लावली. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात, मागे काही राहत नाही, फक्त कोंब थांबतो, असं समजावलं. सड थांबत नाही, हेही सांगितलं. ते लपवलं असतं तर पुढच्या वर्षी पारावर कुणी बसू दिलं नसतं.

"अणुबॉम्बवाल्यांचंच ना हे?" मागून आवाज आला. हशा पिकला. विचारणारा द्राक्षबागेत तोंडाला फडकंही न बांधता औषध मारतो. पण तिथे पंप त्याच्या हातात असतो, वास येतो, कधी थांबायचं ते तोच ठरवतो. इथे किरण दिसत नाहीत आणि यंत्र भिंतीआड.

एका आजींनी विचारलं, "घरचं बी धरायला चालंल का ह्यो कांदा?"

"नाही आजी. कोंबच नाही तर बियाचे डेंगळे कुठून येणार?"

"मंग मेलेलाच की त्यो!"

माझ्या तक्त्यांत याला उत्तर नव्हतं. कोंब म्हणजे नुकसान, हे बाजाराचं गणित. आजींच्या लेखी तो कांद्याच्या जिवंतपणाचा पुरावा. बियाण्याचे कांदे आधी वेगळे काढा, एवढंच मी म्हणालो. ते त्यांना पटलं. बाकीचं नाही.

शेवटी एक तरुण उठला. "दहा क्विंटल देतो, भाऊ. पण व्यापाऱ्याला सांगायचं नाही."

"सांगावं लागेल. पाकीटबंद मालावर तर तसं चिन्ह छापणं कायद्यानेच सक्तीचं आहे."

"मग लिलावात माझ्याच ट्रॉलीचा भाव शंभराने पाडला, तर फरक कोण देणार? कंपनी?"

इतका वेळ मोबाईल बघणारेही आता माझ्याकडे बघू लागले. मघाचा बॉम्बवाला तर पुढेच सरकून बसला.

संध्याकाळी एका संचालकांना फोन लावला. किरणांचा विषयच काढला नाही; भावातल्या फरकाची लेखी हमी मागितली. "पुढच्या मीटिंगमध्ये ठेवू," ते म्हणाले.