मेडल नंतर, आधी पोहू तर द्या

पॅरिसचं पॅरालिम्पिक, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचं ऑलिम्पिक, चालू होतं तेव्हा आमच्याकडे रोज टीव्ही लागायचा, सासूबाईसुद्धा पोळ्या आटोपून येऊन बसायच्या, आणि सांगलीकडच्या सचिन खिलारीला गोळाफेकीत सिल्वर मिळालं तेव्हा तर "आपल्याकडचा मुलगा गं" म्हणत डोळे पुसत होत्या. भारताची एकूण २९ मेडल झाली, २०१६ ला रिओत फक्त ४ होती. त्याच आठवड्यात लेक म्हणाली, आई मला पोहायचंय. ती १३ वर्षांची, एक पाय जन्मापासून अशक्त, पायाला आधार देणारं कॅलिपर लावून चालते. आणि ज्या सासूबाई इतकी वर्षं "कुठे पाठवू नका, पडेल" म्हणायच्या त्याच म्हणाल्या, जाऊ दे तिला. मी दहा वर्षं सांगून जे झालं नाही ते त्या दहा-बारा दिवसांत झालं, हे मला मान्यच आहे.

पण स्विमिंग पूलवर गेलो तर पाण्यात उतरायला सरळ उभी स्टीलची शिडी, ओल्या फरशीवर कुबडी सरकते, कॅलिपरचे पट्टे सोडायला बसायचं म्हटलं तर साधं बाकडंही नाही. तिने खालीच बसून पट्टे सोडले आणि काठावरून घसरत घसरत पाण्यात उतरली, सगळी मुलं थांबून बघत होती. शाळेत तर पीटीच्या तासाला तिला अजूनही वर्गात दप्तरांवर लक्ष ठेवायला बसवतात.

आणि आता ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीत जो भेटतो तो विचारतो, "बेटा, मेडल कब ला रही हो?" प्रेमानेच विचारतात हो, पण तिच्या बरोबरीची मुलं संध्याकाळी क्रिकेट खेळतात त्यांना कुणी वर्ल्डकप कधी आणतोस विचारत नाही. तिला फक्त खेळायचंय, वाईट खेळायचा हक्क तिलाही पाहिजे ना.

आपल्या ग्वाल्हेरचीच प्राची यादव बघा, आधी पोहायची, मग भोपाळच्या तलावात कयाकिंग, म्हणजे छोटी होडी वल्हवणं, शिकली, टोकियोत फायनलला पोचली, हांगझोउच्या आशियाई पॅरा गेम्समध्ये गोल्ड आणलं. सुरुवात पोहण्यापासूनच ना? आता तर दिव्यांग खेळांचं अटलजींच्या नावाचं एवढं मोठं सेंटर इथेच आहे, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं, मला त्याचा खरंच अभिमान वाटतो. पण तिथवर जाणारी मुलं तयार होणार ती गल्लीजवळच्या पूलमध्ये आणि शाळेच्या ग्राउंडवरच, आणि तिथे एक बाकडं, एक कठडा आणि पायऱ्या एवढंच लागतं.

पूलवाल्या भैयांशी बोलले, कठड्याचं बघतो म्हणालेत. तोवर मी काठाशी जुनी सतरंजी अंथरते. लष्कर किंवा कंपू भागात कुणाला अशी संध्याकाळची बॅच माहीत असेल जिथे अगदी नवशिक्यांना घेतात, तर कळवा, तिला पाठीवर तरंगता यायला लागलंय आणि आता सुट्टी नकोय तिला.