काढून टाकावी की काम काढावं?

सोमवार, रात्री

आज पुन्हा पिकअपमध्ये अर्धा लिटर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, घातलं. गेल्या सोमवारीही घातलं होतं, आणि मधल्या आठवड्यात पिकअप जेमतेम २०० किलोमीटर चालली. खाली थेंब नाही. होजपाइप कोरडे, वॉटर पंपाखाली ओल नाही, केबिनमधल्या पायदानाखालीही काही नाही. बाहेर सांडत नाही आणि टाकीत राहत नाही, म्हणजे ते आत जळतंय. सकाळी चालू करते तेव्हा मागून पांढरा धूर येतो. थंड इंजिनातून थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, पण ती दोन-चार मिनिटांत विरते. हा धूर रेंगाळतो, आणि त्याला कूलंटचा गोडसर वास आहे.

हे महिनाभर माझ्या लक्षात येत होतं. तरी मी नुसती टाकी भरत राहिले, कारण बोनेट उघडून कुणाला दाखवलं की ठरवावं लागणार होतं.

गाडी १७ वर्षांची. मीटरवर ३,१२,४०० किलोमीटर. त्यातली ११ वर्षं माझ्याकडे. रोपवाटिका सुरू केली त्या वर्षी जुनीच घेतली होती. माती, खत, कुंड्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, एकदा तर मुळांच्या गोळ्यासकट उचललेलं मोठं झाड, सगळं हिच्या हौद्यातून गेलं. आता काढून टाकावी की काम काढावं?

मंगळवार

मिस्त्रींनी सकाळीच पाहिली. ऑइल फिलरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, तळवा वर धरला. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधून खाली निसटून तिथून वर येणारी हवा, जवळजवळ नाही. म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) अजून धरून आहेत. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. मला धास्ती होती ती त्याचीच. ऑइलमध्ये पाणी शिरलं की बेअरिंगं जायला वेळ लागत नाही.

मग चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं. २७, २६, २७ आणि चौथ्याला २१ बार. चौथ्यात हवा भरून ऐकलं. अशा वेळी हवा कुठून निसटते त्यावरून दुखणं कळतं: ऑइल फिलरमधून फुसफुसली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक. आमच्याकडे ती रेडिएटरमध्ये आली. पाण्यात बुडबुडे उठताना मी स्वतः पाहिले.

"हेड गॅस्केट गेलंय, ताई. हेडला चीर आहे की नाही, ते खोलल्यावर कळेल." हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचा सांधा बंद ठेवणारा पातळ थर.

"आणि तोवर चालवली तर?"

"नका चालवू. रात्री उभी असताना पाणी सिलिंडरमध्ये साचलं आणि सकाळी तुम्ही सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकेल. पाणी काही दबत नाही."

गाडी तिथेच ठेवून रिक्षाने परत आले. निघता निघता ते म्हणाले, इंजिन उघडतोच आहे तर रिंगा, बेअरिंगं घालून हाफ इंजिन करून टाकू. मी लगेच हो म्हटलं नाही. माझ्याकडची मोठी बिलं नेहमी याच "उघडलंच आहे तर"पासून वाढत गेली आहेत. कधी ते बरोबरही असतं. क्लचचं काम करताना गिअरबॉक्स खाली येतोच, तेव्हा क्लच प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलावं, कारण मजुरी पुन्हा पडत नाही. पण ज्या रिंगांचं काही दुखत नाही त्या निव्वळ हाताशी आल्या म्हणून बदलायच्या, हे मला पटलं नाही. त्यांना तसं सांगितलं. रागावले नाहीत.

बुधवार

हिशेबाला बसले. पहिल्या अर्ध्या तासात जो हिशेब केला तो चुकीचा होता, आणि तो का चुकला हे लिहून ठेवते.

मी कामाचा खर्च गाडीच्या आजच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहत होते. खर्च किमतीच्या निम्म्याला पोचला की आपण म्हणतो, या गाडीवर आता पैसे घालण्यात अर्थ नाही. पण गाडी विकली म्हणून माझं काम थांबणार नाही. कुंड्या तर पोचवायच्याच आहेत. म्हणजे खर्च ताडायचा तो हिच्या किमतीशी नाही, हिच्या जागी जी येईल तिच्याशी. ती नवी असेल तर हप्ते, विमा आणि पहिल्याच वर्षी उतरणारी किंमत. जुनी असेल तर तिचं हेड कसं आहे हे मला ठाऊकच नसणार.

दुसरी चूक अधिक हट्टी आहे. गेल्या वर्षी क्लचचा पूर्ण सेट बदलला, मागचे दोन टायर नवे घातले. मनात सारखं येत होतं, एवढं केलंय तर आता कशी सोडायची? पण ते पैसे गेले ते गेले. विकली तरी परत येत नाहीत आणि ठेवली तरी येत नाहीत. हिशेबात धरायचं ते इतकंच की क्लच नवा आहे, म्हणून पुढची काही वर्षं तो खर्च नाही. रक्कम तीच, पण "घातलेत" म्हणून धरली की मी अडकते आणि "वाचणार आहेत" म्हणून धरली की नीट विचार करता येतो.

बंद पडण्याचीही किंमत असते. वैशाखासारख्या उन्हात रोपं भरून गाडी रस्त्याच्या कडेला तासभर उभी राहिली, तर वरच्या ट्रेमधली कोवळी रोपं माना टाकतात. मागच्या वर्षी गाडीने मला दोनदा वाटेत सोडलं, त्याआधीच्या वर्षी एकदाही नाही. यंदा हे गॅस्केट. हा आकडा हळूहळू चढतोय, हे मान्य करायला हवं.

गुरुवार

आज चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पाहिली. माझ्या मते निकाल इथे लागतो, इंजिनात नाही. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स दुसरा बसतो, डिफरन्शियल उतरवून घेता येतं. चासी कुजली की गाडी संपली.

गॅरेजच्या खड्ड्यात उतरले. टॉर्च, छोटी हातोडी आणि जुना पेचकस. चांगल्या पोलादावर हातोडी मारली की खणखणीत वाजते, गंजाने पोखरलेल्यावर बद्द आवाज येतो. पेचकसाचं टोक दाबलं आणि आत गेलं तर मग बोलण्यासारखं काही उरत नाही. पुढच्या टोकापासून सुरुवात केली. कॅबच्या माउंटिंगांपाशी वरवरचा तांबूस गंज, खरवडला की खाली पांढरं लोखंड. क्रॉस मेंबर ठीक. मग मागे, कमानपाट्यांच्या हँगरपाशी, म्हणजे पाटे चासीला टांगलेले असतात तिथे, जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसलेत. तिथे चिखल सुकून दगड झाला होता. चिखल ओल धरून ठेवतो आणि त्याच्याआड गंज निवांत वाढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तो फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून उचकटतो. उजव्या हँगरपाशी असा फुगवटा आहे. पेचकस आत गेला नाही, पण आवाज बाकीच्या चासीसारखा नव्हता. डावीकडचा मात्र स्वच्छ होता.

चासीच्या पोकळ भागाला खाली पाणी निघून जायला भोकं असतात. चारपैकी तीन मातीने बुजली होती. ११ वर्षं मी हिच्यात ओली माती वाहिली आणि ती भोकं एकदाही साफ केली नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटलं. तारेने मोकळी केली तर एकातून पाणी आलं, कधीचं कोण जाणे.

मिस्त्रींनी आणखी एक दाखवलं, ते मला अजिबात माहीत नव्हतं. मागच्या ॲक्सलपासून एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. हौद्यात वजन असलं की मागचे पाटे दबतात, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. हौदा रिकामा असला की तो दाब कमी होतो, नाहीतर मागची हलकी चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. माझा व्हॉल्व्ह गंजून भरल्या वजनाच्या जागी अडकलेला आहे. गेल्या पावसाळ्यात रिकामी परतताना उतारावर गाडीचा मागचा भाग सरकला होता. मी रस्त्याला दोष दिला होता. माझ्या शेजारी त्या दिवशी कामावरची मुलगी बसली होती.

रात्री हेच डोक्यात आहे. या गाडीत एअरबॅग नाही, आणि जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नाही. चारही चाकांवरचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, म्हणजे हे तंत्र माझ्या गाडीहून कितीतरी जुनं आहे, आणि तरी स्वस्त मॉडेलपर्यंत पोचायला त्याला इतका उशीर लागला. ही उणीव मी कितीही दुरुस्ती केली तरी भरून निघणार नाही. ठेवायची तर हे डोळ्यांसमोर ठेवूनच.

शनिवार

काल काही लिहिलं नाही. आज विकण्याच्या बाजूने शेवटपर्यंत जाऊन पाहायचं ठरवलं आणि जाहिरातीचा मजकूर लिहिला. काहीही न लपवता. हेड गॅस्केट गेलंय, हेड तपासलेलं नाही. उजव्या हँगरपाशी गंज. ब्रेकचा व्हॉल्व्ह अडकलेला. क्लच नवा, मागचे टायर नवे, रिंगा चांगल्या, कॉम्प्रेशनचे आकडे सोबत. दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदललं, तारखा वहीत.

वाचून पाहिलं आणि लक्षात आलं की पहिल्या तीन ओळींवर घेणारा लगेच विश्वास ठेवेल. पुढच्यांवर ठेवणार नाही. त्याने का ठेवावा? कॉम्प्रेशनचे आकडे कुणीही लिहू शकतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली नेमकं हेच जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन मांडलं होतं, आणि त्या वाटेवरच्या कामासाठी २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. गाडीत काय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा चांगल्या-वाईटाची सरासरी धरून भाव देतो. त्या भावाला चांगली गाडी कुणी विकत नाही, बाजारात खोट असलेल्या गाड्या वाढतात आणि भाव आणखी उतरतो.

म्हणजे या गाडीबद्दल ११ वर्षांत मला जे कळलंय ते तिच्याबरोबर विकता येत नाही. तिसरा गिअर थंडीत जरा अडतो पण बॉक्स शाबूत आहे, तापमानाचा काटा निम्म्याच्या किंचित वर राहतो तो हिचा स्वभाव आहे, हे घेणाऱ्याच्या लेखी शून्य. माझ्याकडे असेपर्यंतच त्याला किंमत आहे. दुसरी जुनी गाडी घेतली तर मीच त्या न जाणणाऱ्या घेणाऱ्याच्या जागी असेन.

इथे मी स्वतःला थांबवलं. हा युक्तिवाद फारच सोयीचा वाटला. आपली वस्तू आपल्याला महाग वाटतेच. कानेमान, क्नेच आणि थेलर या अभ्यासकांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवला: काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि बाकीच्यांना ते विकत घ्यायला सांगितलं, तर ज्यांच्या हातात मग होता त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. तो मग तर काही मिनिटंच त्यांचा होता. माझी गाडी तर ११ वर्षं माझी आहे.

मग प्रश्न उलटा करून विचारला. ही गाडी माझी नाही. माझ्या पूर्ण विश्वासातल्या माणसाने हाच कागद, याच दोषांसकट, माझ्यापुढे ठेवला. आजचा बाजारभाव अधिक दुरुस्ती एवढ्याला मी घेईन का? बराच वेळ बसून राहिले. उत्तर आलं: हेडला चीर नसेल आणि हँगर आतून शाबूत निघाला तर घेईन. दोन्हींतलं एकही बिघडलेलं निघालं तर नाही.

रविवार

मिस्त्रींना फोन केला. आधी हँगर खरवडून मोकळा करायचा. पत्रा अर्ध्याहून पातळ निघाला तर हेडला हातच लावायचा नाही, गाडी आहे तशी, सगळं सांगून विकायची. ठीक निघाला तर हेड काढून प्रेशर टेस्टला पाठवायचं. चीर निघाली तर तिथे थांबायचं. हाफ इंजिन नाही. ब्रेकचा व्हॉल्व्ह मात्र गाडी ठेवली काय, विकली काय, बदलायचाच. तशा ब्रेकने ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही.

"विकायची असली तरी, ताई?"

"तरी."

बुधवार

हँगरचा फुगवटा फोडला. वरचा रिपेअर पत्रा गेलाय. तो आधीच्या मालकाने कधीतरी वेल्ड केलेला असावा. खालची मूळ चासी खरवडल्यावर खणखणीत वाजली. मी तीनदा वाजवून पाहिली.

हेड निघालं. चौथ्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर जळलेली काळी रेघ, नखाएवढी. महिनाभराचं कूलंट त्यातून गेलं. चौथ्या पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा.

संध्याकाळी टेस्टचा निरोप आला. चीर नाही. वाक मर्यादेत आहे, हेड घासावं लागणार नाही. डिझेलच्या गॅस्केटला जाडीचे प्रकार असतात, कडेला पाडलेल्या खाचांवरून ओळखतात. जुन्याला दोन खाचा होत्या. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून नवंही दोन खाचांचंच मागवलं. हेडचे बोल्ट नवे, कारण ते एकदा ताणले की पुन्हा तसेच आवळले जात नाहीत.

शुक्रवारी बसेल. तोवर सोमवारच्या कुंड्या बांधून ठेवते.