पेंग्विनच्या पिल्लांचा खरा शत्रू थंडी नाहीच

अंटार्क्टिकातलं क्युव्हरव्हिल बेट दिसायच्या आधी त्याचा वास येतो. फोटोत कधी न दिसणारी गोष्ट ही, हजारो जेंटू पेंग्विन क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) खातात आणि तिथेच घाण करतात, त्यामुळे सगळा उतार गुलाबी-तपकिरी चिखलाने माखलेला. वाटेतल्या ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्राबद्दल काही लिहीत नाही, बराचसा वेळ केबिनमध्ये आडवा पडून होतो, विषय संपला.

झोडियाकमध्ये (किनाऱ्यावर नेणारी छोटी रबरी बोट) बसायच्या आधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, प्राण्यांपासून निदान ५ मीटर लांब राहायचं, आणि बर्ड फ्लूमुळे आता जमिनीवर बसायचंही नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. हे ५ मीटर पेंग्विनला कुणी सांगितलेले नसतात, तो खुशाल तुमच्या बुटाजवळून निघून जातो, आपण फक्त पुतळ्यासारखं उभं राहायचं.

जानेवारीचा शेवट होता, म्हणजे पिल्लं बऱ्यापैकी मोठी झालेली. जेंटूची मादी साधारण दोन अंडी घालते, आईबाप आळीपाळीने सुमारे ३५ दिवस उबवतात, घरटं म्हणजे नुसता दगडगोट्यांचा ढीग. हे दगड शेजाऱ्याच्या घरट्यातून सर्रास चोरतात आणि ते नुसतं बघत बसलं तरी अर्धा तास जातो. पण त्या दगडांचा उपयोग खरा कळला तो दुपारी, जेव्हा बर्फ आणि पाऊस एकत्र सुरू झाला. वितळलेलं पाणी उताराने वाहायला लागलं, उंच ढिगावरची पिल्लं कोरडी, बसक्या घरट्यातली चिखलात.

आणि थंडीच पिल्लांचा शत्रू ही माझी समजूत इथेच उलटी झाली. तापमान शून्याच्या आसपास होतं, पिल्लाच्या राखाडी लवीला ते काहीच नाही, कोरडी असेल तर ती मस्त उबदार असते. पण ती वॉटरप्रूफ नसते. एकदा भिजली की ऊब गेली. माझ्या समोर एक पिल्लू आईच्या (किंवा बापाच्या, मला कुठे कळतंय) पोटाखाली डोकं खुपसून बसलं होतं, बाकी सगळं अंग बाहेर, पाठीवरची लव ओली होऊन चिकटलेली, थरथर स्पष्ट दिसत होती. पूर्व अंटार्क्टिकात, द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच स्टेशनजवळ २०१३-१४ च्या हंगामात अदेली पेंग्विनच्या अख्ख्या कॉलनीत एकही पिल्लू वाचलं नव्हतं, त्यात पावसाचाही हात होता.

पिल्लं महिनाभराची झाली की दोघंही पालक समुद्रावर जातात आणि पिल्लं घोळका करून थांबतात. वर स्कुआ हे शिकारी समुद्रपक्षी घिरट्या घालतच असतात, एकटं पडलेलं पिल्लू त्यांना बरोबर दिसतं. पालक परतला की आवाजावरून ओळख पटते, पण लगेच खायला मिळत नाही हां, पालक चक्क पळत सुटतो आणि दोन्ही पिल्लं धडपडत मागे, जे शेवटपर्यंत चिकाटीने पळतं त्याच्या चोचीत क्रिलचा लगदा. जाम हसू येतं, पण क्रिल कमी असेल त्या वर्षी मागे पडलेल्याचं कठीणच.

एम्परर पेंग्विन आमच्या रूटवर नव्हते. त्यांचं गणित वेगळंच, ऐन हिवाळ्यात नर साधारण ६५ दिवस अंडं पायांवर धरून उपाशी उभा. पण तिथेही घात पाणीच करतं. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ लवकर फुटला, पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं अजून फुटायची होती, आणि पाचपैकी चार कॉलन्यांतली पिल्लं बहुतेक गेली असं सॅटेलाइट फोटोंवरून दिसलं.

जाणार असाल तर: अंड्यातून नुकती बाहेर आलेली पिल्लं हवी असतील तर डिसेंबरअखेर, पळापळी बघायची असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. फेब्रुवारीत अर्धी लव, अर्धी पिसं अशा अवतारातली पण दिसतात. वास मात्र तेव्हा सगळ्यात जास्त, आणि वॉटरप्रूफ पँट तुमची पण पक्की असू द्या.